सोमल सापडला

शहापुरात मला लोक 'मढं फाडणारा डाक्टर' म्हणत. तापाचं औषध न्यायला आलेलेही तोंडावर म्हणत, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. सकाळी मी सरकारी दवाखान्यात खरूज, हिवताप, आलेले डोळे आणि बैलानं ढुसलेली माणसं तपासायचो. फौजदारांचा शिपाई बांबूला बांधलेलं प्रेत घेऊन आला की उठून मागच्या पत्र्याच्या खोलीत जायचो. मुरबाडचा डॉक्टर रजेवर असला की तिथलंही हेच काम माझ्या गळ्यात पडे. जिवंतांचं मी काय भलं केलं ते आता कुणाला आठवत नाही. मेलेल्यांबद्दल मात्र अजून विचारतात, "डाक्टर, मेल्यावर पोटातलं विष खरंच सापडतं काय हो?"

नोकरीत होतो तोवर मी याचं उत्तर एका शब्दात द्यायचो. आता पेन्शनीत आहे, तेव्हा जरा लांबण लावतो. सणासुदीला काही मनाला उभारी देणारं वाचावं अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी सरळ अंकातली पुढची गोष्ट उघडावी, मी रागावणार नाही. माणसांची आणि वाडीची नावं मी बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही. बदलता आलं असतं तर त्या वेळीच बदललं असतं.

आधी आमचं काम काय ते सांगतो, कारण लोकांचा समज असा की डॉक्टर पोट उघडतो, वास घेतो आणि विषाचं नाव सांगतो. तसं काही नसतं. विष मुंबईचे लोक शोधत, आम्ही फक्त पाठवत असू. जठर त्यातल्या अन्नासकट एका काचेच्या बरणीत, यकृताचा तुकडा आणि एक मूत्रपिंड दुसऱ्या बरणीत, वर बुडेपर्यंत स्पिरिट किंवा मीठ विरघळायचं थांबेल इतकं खारट केलेलं पाणी. मग झाकणाला लाख, लाखेवर शिक्का. दवाखान्यातलं स्पिरिट उन्हाळ्यात फार लवकर उडून जाई. ते सगळं हवेतच उडत असे असं मी शपथेवर सांगणार नाही, म्हणून मी आपला मिठावर भरवसा ठेवायचो. बरण्या घेऊन शिपाई बैलगाडीनं आटगावला जाई, तिथून आगगाडीनं मुंबईला. गाडीत त्याच्या शेजारी कुणी बसत नसे, त्यामुळे त्याला ऐसपैस झोपून जाता येई, आणि म्हणून हे काम मिळावं अशी शिपायांत चुरस असे. पुष्कळ दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद येई. त्यावर दोन ओळी असत, विष आढळले किंवा आढळले नाही. खाली सही.

या दोन ओळींवर माणसं फासावर जात आणि सुटत.

सगळी विषं सारखी नसतात. सोमल हे सगळ्यांत इमानी विष. पांढरी पूड, चव नाही, वास नाही. उंदरांसाठी आणि कातडी राखायला त्या काळी बऱ्याच घरी असे. माणूस मेला, कुजला, पुरला, तरी सोमल त्याला सोडत नाही, केसांत आणि नखांतसुद्धा राहतो. मी एकदा मुंबईला त्याची परीक्षा डोळ्यांनी पाहिली. जठरातल्या अन्नाचा अर्क जस्त आणि आम्लाच्या बाटलीत घातला, त्यातून निघणारा वायू पेटवला आणि त्या ज्योतीवर पांढरी थंड बशी धरली. बशीवर काळा चकचकीत डाग उमटला. किती थोडा सोमल आणि किती स्पष्ट डाग! मला हात जोडावेसे वाटले. माणूस खोटं बोलतो, साक्षीदार फिरतो, हा डाग फिरत नाही, असं त्या दिवशी मला वाटलं होतं.

झाडपाल्याची विषं तशी नसतात. बचनाग, कण्हेर असली विषं काम करतात आणि कुजत्या शरीराबरोबर विरून जातात. निदान त्या काळच्या परीक्षांना ती क्वचितच हाती लागत. तेव्हा कागदावर 'आढळले नाही' असं आलं तर त्याचा अर्थ 'नव्हते' असा होत नाही. हे वाक्य मी नोकरीभर इतक्या वेळा बोललो की माझी बायको मला घरात चिडवायची. डब्यात साखर नाही म्हटलं की ती म्हणायची, आढळली नाही म्हणा.

पहिली हकिकत याच वाक्याची आहे, थोडक्यात सांगतो. शहापूरजवळच्या एका गावात एक किराणा दुकानदार मेला. म्हातारा, मूलबाळ नाही, दुकान पुतण्याला मिळायचं होतं आणि पुतण्याला वाट पाहवत नव्हती. मरताना म्हातारा शेजारणीला म्हणाला, "जिभेला मुंग्या आल्या गो, ओठ माझे राहिले नाय." बचनाग पोटात गेलेला माणूस नेमकं हेच बोलतो. शेजारीण धीराची, तिनं चिता पेटायच्या आत वर्दी दिली. पण पाऊस धो धो पडत होता, फौजदार कसाऱ्याकडे गेलेले, प्रेत माझ्याकडे आलं तेव्हा ते इतकं कुजलं होतं की उघडणंही जड गेलं. पुढे नदीला पूर आला आणि बरण्याही अलीकडच्या काठावर अडकून राहिल्या. कागद आला, विष आढळले नाही. कोर्टात मी माझं वाक्य बोललो. जज्जसाहेबांनी शांतपणे विचारलं, "विष होतं असं तुम्ही खात्रीनं सांगू शकता?" मी म्हणालो, नाही. पुतण्या सुटला.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन दवाखान्यात हजर. "डाक्टर, तुमच्या मुंबईनं न्याव केला बघा." मी ते पेढे कंपाउंडरला कुत्र्याला घालायला सांगितले, मग परत बोलावून नाल्यात टाकायला लावले. कुत्र्यानं कुणाचं काय केलं होतं!

त्या संध्याकाळी फौजदार माझ्या ओसरीवर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. लाच खात नसे, कुणाला उगीच मारत नसे, आणि त्या शेजारणीला 'न्याय मिळेल' असा शब्द देऊन बसला होता. आता त्या गावातून जाताना तो मान वर करत नसे. मला म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या त्या प्रयोगशाळेनं माझी अब्रू घेतली. नाही म्हणाली तर मी काय करणार? पण यापुढं एकदा जर 'आहे' म्हणाली, तर मग मी ब्रह्मदेवाचं ऐकणार नाही." मी हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे पुढच्याच साली कळलं.

शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या डोंगरात हेदवाडी म्हणून ठाकरांची वाडी आहे. तिथला काळू मेला. तरणाबांड गडी. संध्याकाळी जेवला, उलट्या आणि जुलाब सुरू झाले आणि उजाडता उजाडता गेला. पटकीनंही माणूस असाच जातो आणि एरवी वाडीनं त्याला पुरलं असतं. पण खालच्या गावचे पोलीस पाटील नारबा पाटील यांनी संशयाची वर्दी दिली. काळू दुसरी बायको आणणार होता. त्यावरून त्याची बायको बुधी भर वाडीत त्याला म्हणाली होती, "तू तिला आन, मग तुला बघते." असं सगळ्याच बायका म्हणतात. पण सगळ्यांचेच नवरे त्या आठवड्यात मरत नाहीत.

मी पोट उघडलं आणि मला मुंबईच्या कागदाची गरज उरली नाही. जठराचं आतलं अस्तर लाल मखमलीसारखं सुजलेलं, आणि त्याला पांढरे कण चिकटलेले. सोमल. अन्नात भाकरी होती आणि तिच्यापेक्षा जास्त, नीट न चावलेलं, बाहेरून करपलेलं मटण होतं. त्यात आखूड केससुद्धा होते, शेळीच्या कातड्याचे असावेत तसे. फौजदार दारात उभे होते, त्यांनीही पाहिलं.

बाहेर बुधी चिंचेखाली बसली होती. मांडीवर तिची पोर पारी, चारेक वर्षांची, आईच्या गळ्यातली मण्यांची माळ चोखत होती. मी विचारलं, "काल संध्याकाळी काळूला काय वाढलंस?"

"नागलीची भाकर नि भाजी."

"मटण?"

तिनं पोरीला छातीशी ओढलं. "नाय."

"बुधे, त्याच्या पोटात मटण आहे. मी आत्ता पाहिलं."

"नाय म्हंते ना, डाक्टर. तुला सांगितलं ना एकदा."

ठाकर माणूस कलेक्टरलासुद्धा अरेतुरे करतो, त्यात अपमान नसतो. पण फौजदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती त्या क्षणी खुनी ठरली हे मला समजलं. जी मटणाबद्दल खोटं बोलते तिनंच मटणात काहीतरी घातलं असणार, हा हिशेब कुणीही केला असता. मीही केला, खोटं कशाला सांगू.

कागद आला. जठर आणि यकृत यांत सोमल आढळला. फौजदार तो घेऊन स्वतः दवाखान्यात आले, रोग्यांच्या रांगेतून वाट काढत. "डॉक्टर, सापडला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या शेजारणीला दिलेला शब्द त्यांनी जणू या कागदानं पाळला होता. सोमल आला कुठून हेही त्यांनी शोधलं होतं. बुधी नारबा पाटलांच्या खळ्यावर मळणीला जाई. पाटलांनी जबाब दिला, माळ्यावर सोमल ठेवलेला होता, त्यातला बराच कमी झाला आहे. सगळं जागच्या जागी बसलं.

खटला उभा राहायच्या आधी पाटलांची आई तापानं आजारी पडली आणि मला बोलावणं आलं. पडवीत बिबट्याचं कातडं टांगलेलं होतं. चांगलं मोठं, नुकतंच कमावलेलं. मला शिकारीचा नाद नाही, पण जखमा बघण्याची सवय आहे. मी सहज त्यावरून हात फिरवला, उलटं करून पाहिलं. कुठंही भोक नव्हतं.

"पाटील, गोळी कुठं लागली याला?"

पाटील खूश झाले. "गोळी कशाला वाया घालवायची, डाक्टर? माझ्या शेळ्या खाऊन माजला व्हता. त्यानं मारलेली शेळी रानात तशीच राहू दिली, नि मागच्या दोनी तंगड्यांत चिरा पाडून सोमल भरला. तो परत येतोच शिकारीवर. आला, खाल्ली, नि…" आणि इथं ते थांबले. माझा चेहरा बघून थांबले असावेत.

"हे कधी केलंत, पाटील?"

"तुमी आईला बघा आधी."

"काळू मेला त्याच्या आदल्या दिवशी ना?"

त्यांनी कातडं माझ्या हातून घेऊन परत सरळ केलं. मला मात्र सगळं उमगलं, कारण इतक्या वर्षांत त्या लोकांच्या रीती मला ठाऊक झाल्या होत्या. वाघानं किंवा बिबट्यानं टाकलेली शिकार रानात दिसली तर वाडीचे पुरुष ती घेतात. बायकापोरांना त्यातलं देत नाहीत आणि घरात आणत नाहीत, ओढ्याकाठी जाळावर भाजून तिथंच खातात. ज्यानं ती पहिल्यांदा पाहिली त्याला मागची एक तंगडी. दुसरी मागची तंगडी तिथंच वाघोबाच्या दगडापाशी ठेवायची, नारळ फोडायचा आणि म्हणायचं, तुझ्यातलं खाल्लं, तुझं तुला ठेवलं. उरलेलं पुढचं धड बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. म्हणजे एका तंगडीतला सोमल काळूच्या पोटात गेला आणि दुसरीतला वाघोबाच्या वाट्यात. बाकीच्यांना ढेकरसुद्धा आली नाही. आणि बिबट्या त्याच रात्री त्या वाट्यापाशी येऊन मेला.

मी पाटलांना म्हणालो, "हे कोर्टात सांगा. तुम्ही बिबट्यासाठी ठेवलं होतं, माणसासाठी नाही. तुम्हाला कुणी खुनी म्हणणार नाही. ती बाई वाचेल."

"नि मलाच फासावर चढवला तं? तुमी येशाल दोर सोडायला? मी सोमल कमी झाला म्हनून जबाब देऊन बसलोय, डाक्टर. आता तो मीच घातला म्हनू?"

"मी हे कातडं मुंबईला पाठवायला लावीन."

पाटील हसले. तो हसण्याचा आवाज मी विसरलेलो नाही. "पाठवा की. कातडं कमावताना सोमलच चोळतात त्याला. सापडंल. मंग?"

तो चकचकीत डाग त्या कातड्यातूनही निघाला असता, अगदी खरा. सोमल आहे एवढंच तो सांगतो. कोणत्या वाटेनं आला ते त्याला विचारता येत नाही.

मी फौजदारांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाटील कबूल करतील? वाडीतला एकजण तरी मटण खाल्लं म्हणेल? ती स्वतः म्हणते का?" मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, मागच्या वेळी मी तुमचा अंदाज घेऊन उभा राहिलो होतो. या वेळी माझ्याजवळ कागद आहे."

मी हेदवाडीला गेलो. काळूचा भाऊ देवजी कारवीचा कूड बांधत होता. मी विचारलं आणि तो हातातलं काम तसंच टाकून आत निघून गेला. बाकीच्या पुरुषांनीही तेच केलं. वाडी ओस पडावी तशी झाली. येताना वाघोबाच्या दगडावर मला नवा शेंदूर दिसला, एरवी लावतात त्याच्या कितीतरी पट, दगडाचा आकारही दिसेना इतका.

शेवटचा उपाय म्हणून मी बुधीला कोठडीत भेटलो. फौजदारांनी भेटू दिलं, एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. मी तिला सगळं सांगितलं, पाटलांनी शेळी कापून काय भरलं, काळूनं काय खाल्लं, बिबट्या कशानं मेला. मी 'वाघोबा' म्हणायला तोंड उघडलं आणि तिनं गजांतून हात काढून माझ्या तोंडावर ठेवला.

"नाव नको काढू."

"बुधे, कोपबिप काही नाही गो. सोमल होता. पाटलानं घातलेला सोमल."

"कोनी का घाला. ठेवला आमी. आमी नारळ फोडून ठेवला, तुझा वाटा म्हनून ठेवला, नि तो तेनं मेला." ती हळू बोलत होती, कुणी ऐकेल अशा भीतीनं. "तो आता रानात फिरतो. ज्येच्या तोंडातनं निघंल त्येच्या घरातलं पोर नेल. वाडीनं शपथ घेतली हाय. मना एकच पोर हाय, डाक्टर."

"तू बोलली नाहीस तर तुला फाशी होईल. मग पारीला कोण आहे?"

"देवजी हाय. ती जगंल तं खरी."

मी तिला मुंबईच्या परीक्षेबद्दल सांगितलं. बशी, ज्योत, काळा डाग. शास्त्र किती पक्कं आहे ते मी ज्या उत्साहानं सांगितलं त्याची आज मला कीव येते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं मला एकच विचारलं, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. "तुझी ती परीक्षा माझ्या पोरीला राखंल काय?"

राखील असं म्हणायला हवं होतं, खोटं का असेना, असं पुढं कितीदा तरी वाटलं. पण तिनं ते ओळखलं असतं.

खटल्याचं फार सांगत नाही. सरकारी वकिलांनी मला विचारलं, पोटात मटण होतं का? होतं. आरोपी मटण नव्हतं म्हणते ना? म्हणते. बसा. मी बिबट्याच्या कातड्याचं बोलायला लागलो तेव्हा जज्जसाहेब म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही शरीरात काय पाहिलं तेवढंच सांगा. पडवीत काय पाहिलं ते नको." कायद्यानं ते बरोबर होतं. बुधीसाठी सरकारनं दिलेला वकील तरुण होता, मी सांगितलेलं त्यानं मनावर घेतलं आणि पाटलांना पिंजऱ्यात सरळ विचारलं, तुम्ही मेलेल्या शेळीत विष भरलं होतं की नाही? पाटील म्हणाले, "नाय साहेब. बिबट्या म्हातारा व्हता, आपसूक मेला." वाडीचे पुरुष एकामागून एक आले आणि म्हणाले, आमी रानात काय खाल्लं नाय.

मग जज्जसाहेबांनी बुधीलाच विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता. मला वाटतं, त्यांनाही कुठंतरी शंका आली असावी आणि ते तिला दार उघडून देत होते. "बाई, घाबरू नकोस. तुझ्या नवऱ्यानं त्या दिवशी रानात मटण खाल्लं होतं का? खरं सांग, त्यात तुझंच भलं आहे."

कोर्टाच्या दारात देवजी पारीला कडेवर घेऊन उभा होता. बुधीनं तिकडे पाहिलं. सगळं कोर्ट थांबलं होतं. बोल गो बाई, बोल, असं मी मनात किती म्हणालो.

"नाय," ती म्हणाली.

लहान पोर आहे म्हणून फाशी टळली, जन्मठेप झाली. निकालात प्रयोगशाळेच्या कागदाचा उल्लेख मानानं केलेला होता. तो मान त्या कागदाला शोभणाराच होता. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. माझ्या शवचिकित्सेतही नव्हतं. फौजदारांनी काही लपवलं नव्हतं, जज्जसाहेबांनी घाई केली नव्हती. मी नोकरीत पुष्कळ चुका पाहिल्या, चुकीला इलाज असतो. इथं इलाजाला जागाच नव्हती. लढाईच्या दिवसांत केव्हातरी बुधी तुरुंगातच जुलाबानं गेली असं कळलं. तिथल्या डॉक्टरनं तिचं पोट उघडलं असेल की नाही कोण जाणे. उघडलं असेल तर काही आढळलं नसणार.

लढाई संपली, स्वराज्य आलं, माझी बदली मुरबाडला झाली आणि पेन्शन जवळ आली. एका बाजाराच्या दिवशी एक ठाकर पोरगी कडेवर खोकणारं मूल घेऊन आली. मी छाती तपासली, औषध करायला सांगितलं आणि सवयीनं गाव विचारलं.

"सासर हिकडं. माहेर हेदवाडी."

मी मान वर केली. गळ्यात तशीच मण्यांची माळ होती. तिनंही मला ओळखलेलं होतं, त्यासाठीच ती आली असावी. म्हणाली, "माझ्या बापाला तूच फाडलास ना?"

"हो, पारी."

"मंग तुला ठावं असंल. आयेनंच विख घातलं ना?"

इतकी वर्षं मी या एका प्रश्नाची वाट पाहत होतो हे मला तेव्हा कळलं. कोर्टानं कधी तो मला सरळ विचारला नाही. मी म्हणालो, "नाही गो. तुझ्या आईनं काही केलं नाही. तिला बोलता आलं असतं, सुटली असती, पण तुझ्यासाठी ती बोलली नाही. तुझ्या बापानं त्या दिवशी रानात बिबट्यानं मारलेली…"

तिनं झटकन पोराचे दोन्ही कान हातांनी झाकले. ते रडायला लागलं तरी सोडले नाहीत.

"नको बोलू दादा. माझा पोर हाय."

तेव्हा मला समजलं की तिला सगळं ठाऊक आहे. वाडीनं तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या, एक बोलायची आणि एक पोटात ठेवायची. ती मला विचारायला आलीच नव्हती. या मुलखात अजून एक माणूस आहे जो ते बोलू शकतो, त्याचं तोंड बंद करायला आली होती. पोराला खोकला होताच, आता नुसता खोकला की आणखी काही, अशी धास्ती तिला पडली असणार.

ती उठून दारापाशी गेली आणि वळली. डोळे कोरडे होते. "लोकं सांगतात आयेनं मारलं. मी पन तसंच सांगते. तू पन तसंच सांग."

मी बरं म्हणालो. औषधाची बाटली टेबलावरच राहिली होती, ती मी कंपाउंडरच्या हाती देऊन त्याला तिच्या मागं पिटाळलं.

अजूनही कुणी शहापूरकडचा भेटला की जुन्या गोष्टी निघतात. हेदवाडीच्या त्या खटल्याचं नाव काढून विचारतात, "डाक्टर, त्या काळूच्या पोटात खरंच सोमल सापडला व्हता काय?" मी सांगतो, सापडला. "नि घातला कोनी?"

मी म्हणतो, बायकोनं.